भिशी कुठल्या खान्यात?

परवा ऑफिसात वेलनेसचं सेशन होतं. दर तिमाहीला काहीतरी असतंच आमच्याकडे, मागच्या वेळी खुर्चीत बसून करायचा योगा होता, त्याच्या आधी कुणीतरी येऊन नाचणीचे लाडू वाटून गेलं होतं. ह्यावेळी एक ट्रेनर बाई आल्या होत्या, कॉटनची छान साडी, आवाज एकदम गोड, आणि त्यांनी प्रत्येकासमोर एकेक कागद ठेवला. कागदावर मोठं चाक, त्याचे आठ भाग. शारीरिक, भावनिक, सामाजिक, बौद्धिक, व्यावसायिक, आर्थिक, आध्यात्मिक आणि आठवा आजूबाजूचा परिसर. प्रत्येक भागात स्वतःला दहापैकी मार्क द्यायचे, मधल्या टिंबापासून तेवढ्या अंतरावर ठिपका काढायचा आणि शेवटी सगळे ठिपके जोडायचे. गोल आला तर तुमचं चाक नीट चालणार, वेडावाकडा आला तर धक्के बसणार. रंगवायला स्केचपेनं पण दिली होती, त्यामुळे आमच्या टीममधली पोरं एकदम खूश.

मला असले कागद भरायला आवडतात खरं तर. शाळेत प्रगतीपुस्तक बघायला आवडायचं त्यातलाच प्रकार असेल. पण 'आर्थिक'पाशी येऊन मी अडले. तिथं विचारलं होतं, नियमित बचतीची सवय आहे का? आहे ना, आमची ट्रेनची भिशी आहे. पण 'सामाजिक'मध्ये विचारलेलं की महिन्यातून एकदा तरी मित्रमैत्रिणींना निवांत भेटता का, तर भेटते की, भिशीलाच भेटते. आणि 'भावनिक'मध्ये, अडचण आली तर मोकळेपणानं बोलायला कुणी आहे का? आता ह्याला काय लिहायचं. मी हात वर करून विचारलं, मॅडम, भिशी कुठल्या खान्यात धरायची? सगळी पोरं हसली, बाई पण हसल्या, म्हणाल्या फायनान्शियलमध्ये टाका ना. मी म्हणलं पण ती तीन ठिकाणी लागू होतीये. तर त्या अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, एका गोष्टीला एकच खाना, नाहीतर डबल काउंटिंग होतं.

संध्याकाळी घाटकोपरच्या पुलावर गर्दीतून ढकलली जात असताना पण माझ्या डोक्यात तेच. डबल काउंटिंग म्हणे.

भिशी म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, प्रत्येकाच्या घरात कुणीतरी भिशीत असतंच. आमची बारा जणींची, महिन्याला ३,००० रुपये, म्हणजे जिची चिठ्ठी निघेल तिला ३६,०००. एकदा लागली की नाव बाद, पैसे मात्र वर्षभर भरायचे. चिठ्ठ्या डब्याच्या झाकणात टाकायच्या आणि डोंबिवली सुटलं की दिवा यायच्या आत काढून मोकळं व्हायचं, कारण तेव्हा आमची फास्ट पारसिकच्या बोगद्यातून जायची आणि बोगद्यात एवढा खणखणाट की काही ऐकू यायचं नाही. एकदा तसंच बोगद्यात चिठ्ठी काढली तर बदलापूरवाली आणि अंबरनाथवाली दोघींनी आपलंच नाव आलं म्हणून टाळ्या पिटल्या होत्या. (आमच्यात एकमेकींना स्टेशनच्या नावानंच ओळखतात, कित्येकींची आडनावं मला आजही माहीत नाहीत.) चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्या, मांडीवर पिशवी, पिशवीत निवडायला घेतलेली मेथी, वरच्या हँडलला लटकलेलीचा घाम खाली बसलेलीच्या केसात, आणि त्यातच सोन्याचा भाव, सासरचं लग्न, कुणाच्या पोराला दहावीला किती पडले, सगळं चालू. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं, संक्रांतीला हळदीकुंकू, आणि एकीचं तर डोहाळजेवण पण आम्ही गाडीत केलंय, हिरवी साडी नेसून बिचारी कल्याणहून उभी आली आणि डोंबिवलीला आम्ही चढल्यावर तिला खिडकी मिळवून दिली.

एक प्रसंग सांगते, सांगू की नको असं वाटतंय पण सांगतेच. अंबरनाथवालीच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली त्या वर्षीची गोष्ट. जूनचा महिना, तिच्या दोन पोरांची फी भरायची होती, ती कुणाला काही बोलली नव्हती पण तिनं गजरा घ्यायचं बंद केलं होतं हे सगळ्यांनी बघितलं होतं. त्या महिन्याची चिठ्ठी काढायची पाळी आमच्यातल्या नर्सबाईंची. त्यांनी झाकणातून चिठ्ठी उचलली, उघडली, वाचली, आणि "अगं, तुझंच नाव!" म्हणून अंबरनाथवालीच्या पाठीवर थाप मारली. चिठ्ठी लगेच घडी घालून ब्लाऊजमध्ये खोचली. मी शेजारीच होते, मला चिठ्ठीवरचं अक्षर दिसलं होतं, त्यावर नर्सबाईंचंच नाव होतं. माझ्या पलीकडे बसलेलीला पण दिसलं असणार कारण तिनं एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. त्यावर आजतागायत कुणीही कधी बोललेलं नाही. पुढच्या महिन्यात चिठ्ठ्या करताना नर्सबाईंनी स्वतःच सगळ्या चिठ्ठ्या लिहून आणल्या, अंबरनाथवालीची काढून टाकून आणि स्वतःची परत घालून.

आता हे फक्त फायनान्शियल?

भिशीची आरती ओवाळायची म्हणून हे लिहीत नाहीये मी. वाईट अनुभव पण आहेत. एक जण दुसऱ्याच महिन्यात नंबर लागल्यावर पैसे घेऊन हळूहळू दिसेनाशी झाली, आधी म्हणाली शिफ्ट बदलली, मग कळलं की ती आमच्या पुढचीच स्लो पकडतीये, तासाभराचा प्रवास सव्वा तास करतीये पण आमचं तोंड बघत नाहीये. उरलेल्या अकरा जणींनी ते भरलं, आणि बरेच दिवस तिच्याबद्दल जे काय बोललं गेलं ते ऐकून मलाच कसंतरी व्हायचं. शिवाय हेवेदावे, कुणाच्या अंगावर नवीन काय दिसलं, कुणी वाढदिवसाला सामोसे आणले आणि कुणी नुसतीच पेढ्यांची छोटी पेटी, ह्याचे हिशोब ठेवणाऱ्या आहेतच. पण तेच ग्रुप जेव्हा एकीला छातीत गाठ लागतीये असं दबक्या आवाजात कळलं तेव्हा दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून तिच्याबरोबर हॉस्पिटलात रांगेत बसतं, सोनोग्राफीचा नंबर लावतं, आणि रिपोर्ट साधा आला म्हणून गाडीत बर्फी वाटतं. म्हणजे तो 'शारीरिक'चा खाना पण आला. बाईंच्या हिशोबानं आमची भिशी म्हणजे भलताच मोठा घोटाळा आहे, चार ठिकाणी मोजायला लागतीये.

रात्री जेवणं झाल्यावर मी हे चाक कुठून आलं ते शोधत बसले. आपल्याला वाटतं हे कुठल्यातरी इन्स्टाग्रामवाल्यानं काढलं असेल, पण बऱ्यापैकी जुनं आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात स्टीव्हन्स पॉइंट म्हणून गाव आहे, तिथल्या युनिव्हर्सिटीत बिल हेटलर नावाचे डॉक्टर होते, त्यांनी १९७६ साली हे असं वेलनेसचे सहा भाग करून मांडलं. त्यात पैसा नव्हता आणि परिसर पण नव्हता, ते दोन पुढं जोडले गेले. मला हे वाचून एकदम उलगडा झाल्यासारखं वाटलं. कॉलेजच्या आवारातली माणसं, म्हणजे अठरा-वीस वर्षांची पोरं, घरापासून लांब, जेवण मेसमध्ये, खोली होस्टेलची. अशा पोराला कागद देऊन सांगायचं की बाबा रे, नुसता अभ्यास करू नको, खेळ पण, मित्र पण जोड, जरा मनाकडं पण बघ, तर ते अगदी बरोबर आहे. त्याचं चाक त्याचं एकट्याचं असू शकतं. निदान त्या चार वर्षांपुरतं तरी. तेच चाक डोंबिवलीत टू बीएचके मध्ये पाच माणसांत राहणाऱ्या बाईच्या हातात दिलं की मग भिशी कुठं बसवायची हा प्रश्न येतो.

तसं बघायला गेलं तर त्याच्याही आधी जागतिक आरोग्य संघटनेनं तिच्या घटनेत लिहून ठेवलंय की नुसता आजार नसणं म्हणजे आरोग्य नव्हे, शरीर, मन आणि समाज तिन्ही बाजूंनी 'संपूर्ण' स्वास्थ्य पाहिजे. ती घटना ७ एप्रिल १९४८ पासून लागू झाली, म्हणून तर त्या तारखेला आरोग्य दिन असतो आणि आमच्या ऑफिसात फुकट बीपी तपासतात. पण 'संपूर्ण' म्हणजे जरा जास्तच नाही का, त्या मापानं आमच्या बिल्डिंगमधलं एकही माणूस निरोगी ठरायचं नाही. २०११ साली मॅख्टेल्ड ह्यूबर ह्या डच डॉक्टरबाई आणि त्यांच्या बरोबरच्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हाच आक्षेप घेतला होता, त्यांचं म्हणणं असं की येईल त्या परिस्थितीशी जुळवून घेता येणं, आपलं आपल्याला निभावता येणं, ह्याला आरोग्य म्हणावं. हे मला जास्त पटलं. 'आपलं आपल्याला' एवढं सोडून. आमच्या वैद्यांच्या दवाखान्यात सुश्रुताचा श्लोक फ्रेम करून लावलाय, त्यात पण दोष, अग्नी, धातू सगळं सम असावं आणि आत्मा, इंद्रियं, मन प्रसन्न असावं असं आहे, नंबर यायची वाट बघत मी तो कितीतरी वेळा वाचलाय. सुंदर आहे. पण त्यातही एकच माणूस उभा आहे, त्याच्या घरात कोण कोण आहे ते काही दिसत नाही.

लॉकडाऊनमध्ये ह्या चाकाची फुकटात परीक्षा झाली असं मला आता वाटतं. २०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली. कधी नव्हे ती. माझे रोजचे येण्याजाण्याचे तीन-साडेतीन तास एकदम मोकळे झाले, झोप पूर्ण, जेवण गरम, धक्काबुक्की नाही, धूर नाही, पास काढायचे पैसे वाचतायत, बाहेरचं खाणं बंद. कागदावर बघाल तर आठातले पाच खाने तरी वर गेले असते. आणि झालं काय, तर दोन महिन्यांत माझी पाठ धरली, कधी नाही ते रडायला यायला लागलं, ते पण भाजी फोडणीला टाकताना वगैरे, कारण काहीच नसताना. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी लिहून दिलं. घेतलं. भिशी चालूच होती, गूगल पे वर. दर महिन्याच्या पाच तारखेला अकरा जणी पैसे पाठवायच्या, ग्रुपवर अंगठे आणि हात जोडलेले यायचे, चिठ्ठी नर्सबाईंच्या मुलीनं व्हिडिओवर काढून दाखवायची. पैशाच्या बाजूनं बघितलं तर चोख, एक दिवस इकडचा तिकडं झाला नाही. पण कुणाला त्यात राम वाटेना, आणि वर्ष संपल्यावर दोघींनी सरळ सांगितलं की आम्ही नाही पुढच्या वर्षी. नर्सबाई तेवढ्या अत्यावश्यकच्या गाडीनं जायच्या, त्या सांगायच्या की आख्खा डबा रिकामा, पाय लांब करून बसता येतं, आणि मला घरी येईपर्यंत कुणाशी बोलावं कळत नाही. ऑक्टोबरात बायकांना अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर परवानगी दिली, त्या वेळेत कुणाचं ऑफिस असतं ते सरकारलाच ठाऊक. तरी आमच्यातली एक नुसतीच ठाण्यापर्यंत जाऊन आली होती. काम काही नव्हतं. वडापाव खाल्ला म्हणाली आणि परत आले.

माझ्या वडिलांचं उदाहरण पण ह्याच जातीचं आहे. बाबा साताऱ्याला असतात, सहकारी बँकेत होते, हेडकॅशियर म्हणून रिटायर झाले. तब्येत बघाल तर दृष्ट लागावी अशी, शुगर नाही, बीपी नाही, पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं फिरून यायचे, जेवण मोजकं, पेन्शन बेताची पण खर्च त्याहून बेताचा. आणि रिटायर झाल्यावर वर्षभरात माणूस विझत चालला. पेपर दोन-दोनदा वाचायचे, दुपारी झोपायचे जे कधीच झोपत नव्हते, आईच्या स्वयंपाकात खोड्या काढायला लागले, फोनवर माझ्याशी बोलताना "बरं, ठेव" एवढंच. आम्ही सगळ्या तपासण्या केल्या. हजारो रुपये गेले. डॉक्टर म्हणाले सगळं नॉर्मल आहे, वयाच्या मानानं उत्तमच, छंद लावून घ्या काहीतरी. भाऊ हौसेनं कॅरमबोर्ड घेऊन आला, तो अजून कपाटामागं आहे.

मग एका नोव्हेंबरात शेजारचे काका, बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो ना पेन्शनवाल्यांना, त्यासाठी बाबांना घेऊन गेले. तिथं मोठी रांग, आणि आता ते अंगठा मशीनवर ठेवून डिजिटल करतात, तर काकांचा अंगठा काही केल्या मशीन घेईना. आयुष्यभर प्रेसमध्ये काम केलेला माणूस, बोटावरच्या रेषा पार झिजलेल्या. बाबांनी आपला रुमाल ओला करून आणला, त्यांचा अंगठा पुसला, जरा चोळला, परत ठेवायला लावला, मग दुसरं बोट, मग डाव्या हाताचं, शेवटी डावं मधलं बोट लागलं आणि मशीनमधून पीं करून आवाज आला. ते बघून मागच्या आजींनी आपला हात पुढं केला. त्या दिवशी बाबा दुपारी अडीचला घरी आले जेवायला. दुसऱ्या दिवशी परत गेले. आता नोव्हेंबर म्हणजे बाबांचा सीझन असतो, फोनवरून चेहरा दाखवून दाखला काढायची पण सोय झालीये ती त्यांनी शिकून घेतली, ज्यांना जिना उतरवत नाही त्यांच्या घरी जातात, खिडकीकडं तोंड करून बसवतात, उजेड नीट पडला पाहिजे म्हणून पडदा बाजूला करतात आणि "डोळे मिटू नका, परत एकदा" असं तो फोटोग्राफरच्या थाटात आवाज लावतात. बाकीचे अकरा महिने कुणाचा ना कुणाचा फॉर्म असतोच. आई म्हणते घरात टेकत नाही हा माणूस, आणि हे ती तक्रार म्हणून म्हणते पण आवाज वेगळा असतो. आता हे कशात धरायचं? व्यावसायिक म्हणावं तर एक पैसा घेत नाहीत. आध्यात्मिक म्हणलं तर बाबा मला हाकलून देतील, ते देवळात पण बाहेरून नमस्कार करतात. आणि गंमत म्हणजे त्यांचं पहाटेचं फिरणं नोव्हेंबरात पूर्ण बंद असतं, चहा जास्त होतो, जेवायच्या वेळा चुकतात. महिनाभर चाक पार तिरकं, आणि माणूस खूश.

आणि आता माझ्या स्वतःच्या कागदाबद्दल. 'शारीरिक'मध्ये मी आठ लिहिले होते. खरंच आहेत आठ, मी रोज पहाटे तासभर चालते, फडके रोडवरून गणपती मंदिराला वळसा घालून, कानात काहीतरी लावून, आणि तो तास माझा दिवसातला सगळ्यात आवडता तास आहे. पण त्या तासात घरी काय चालू असतं? आई उठलेल्या असतात. आई म्हणजे सासूबाई. दूध तापवलेलं, लेकीच्या डब्याची भाजी चिरलेली, कुकर लावलेला. मी घामानं निथळत येते तेव्हा चहा तयार असतो. माझे आठ मार्क हे त्यांच्या पायावर उभे आहेत, शब्दशः, कारण त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले होते आणि ओट्यापाशी उभं राहून राहून जास्तच गेले. त्यांच्या कागदावर 'शारीरिक'ला दोन आले असते फारतर. अर्थात त्या काही बिचाऱ्या वगैरे नाहीत हं, चार वाजले की हातातलं काम टाकून हरिपाठाला जाणार म्हणजे जाणारच, पाहुणे आले असले तरी. "चहा करून घ्या तुमचा तुम्ही," असं खुद्द माझ्या नणंदेच्या सासूला सांगून गेलेल्या आहेत. तो तास त्यांचा आणि सकाळचा माझा, असा आमचा न बोलता झालेला करार होता. माझ्या नवऱ्याचा कुठला तास? त्याचे सगळेच. त्याला तो कागद भरायला दिला असता तर कंपासनं काढल्यासारखा गोल आला असता, आणि तो माणूस वाईट नाहीये, अगदी सांगाल ते करतो, प्रश्न तोच आहे की सांगावं लागतं.

सरकारनं २०१९ मध्ये लोकांच्या वेळेची मोजणी केली होती, कोण दिवसातून किती मिनिटं कशात घालवतं ह्याची. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांमध्ये बायकांची सरासरी निघाली २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७. मी नवऱ्याला आकडा वाचून दाखवला तर तो म्हणाला सत्त्याण्णव कसे काय आले, कुठली पुरुषमंडळी आहेत ही. निदान प्रामाणिक आहे. पण ह्या २९९ मधलं एक मिनिट पण त्या वेलनेसच्या चाकावर कुठं दिसत नाही. कुणाचा तरी गोल नीट यावा म्हणून दुसरं कुणीतरी आपला चेपून घेतं, हे मांडायचं तर एका कागदावर भागायचं नाही, आख्ख्या घराची चाकं एकाखाली एक ठेवून बघावी लागतील. ट्रेनर बाईंनी हे विचारलं नाही आणि मी पण तिथं बोलले नाही, साडेपाचला कॅब होती त्यांची.

आईंचं उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालं. ते सहा-आठ आठवडे घरात जे काही झालं ते लिहायला बसले तर वेगळाच लेख होईल. माझं चालणं बंद, लेकीचा क्लास बंद, भिशीला दांडी, ऑफिसात दोनदा बोलणी खाल्ली. रात्री त्यांचा पाय उशीवर ठेवून बर्फ लावायचा, वॉकर बाथरूमच्या उंबऱ्याला अडकायचा, फिजिओवाला मुलगा "आजी, अजून थोडं वाकवा" म्हणायचा आणि त्या त्याला त्याच्या आईवरून काहीतरी पुटपुटायच्या. तेव्हा मला चाक दिलं असतं तर आठही भागात शून्याच्या आसपास गेलं असतं, आणि तरी तो काळ वाईट गेला असं म्हणवत नाही मला. दमणूक होती, चिडचिड होती, पण आम्ही दोघी त्या पलंगावर बसून जेवढं बोललो तेवढं लग्नापासून कधी बोललो नव्हतो. त्यांनी मला त्यांच्या माहेरच्या एका स्थळाची गोष्ट सांगितली, जी सासऱ्यांना पण कधी माहीत नव्हती. ती काही इथं लिहिणार नाही.

आता दिवाळीनंतर डाव्या गुडघ्याची तारीख घ्यायचीये. ह्यावेळी आधीपासून तयारी करायची असं ठरवलंय. नवऱ्यानं कणिक मळायला सुरुवात केलीये, पहिल्या दिवशी पिठाला पाणी, मग पाण्याला पीठ असं करत करत दोन दिवसांची कणिक झाली, पण हरकत नाही, खाल्ली. शिवाय पोळ्यांना कुणीतरी लावायचं म्हणून खालच्या मजल्यावर येतात त्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या येते, सकाळी साडेसहाला जमेल, पैशाचं काय ते तुम्हीच बघून सांगा. मला पण साडेसहाच हवं होतं, म्हणजे माझं चालणं होईल. मग मी सहज विचारलं की एवढ्या लवकर निघालात तर तुमच्या घरी डबे कोण करणार. म्हणाल्या मोठी आहे ना, आठवीत. ती करते, शिकलीये आता, धाकट्याला आंघोळ घालून शाळेत पण सोडते. तिची शाळा किती वाजता असते विचारलं तर सात दहाची. मी म्हणलं मग तुम्ही आठ वाजता या, चालेल मला. तर आठला त्यांचं दुसरं काम आहे, पलीकडच्या सोसायटीत, ते सोडता येत नाही. संध्याकाळी? संध्याकाळी तीन घरं आहेत. त्या मला म्हणाल्या, वहिनी, तुम्ही कशाला एवढा विचार करताय, साडेसहाच बरंय सगळ्यांना. अजून मी हो म्हणलेलं नाही. त्यांना गुरुवारपर्यंत सांगायचंय, नाहीतर त्या ती वेळ वरच्या मजल्यावर देऊन टाकणार आहेत.